गॅरेजमधला दुसरा फ्रिज

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत मराठी माणसानं घर घेतलं, की काही वर्षांतच त्याच्याकडे दुसरा फ्रिज येतो. येतो म्हणजे विकत आणलेला नसतो. स्वयंपाकघरासाठी नवा, दोन उभ्या दारांचा, बाहेरूनच पाणी आणि बर्फ देणारा फ्रिज आलेला असतो आणि जुन्याचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. जुना चालू असतो, ही त्यातली अडचण. बंद पडला असता तर सोपं होतं. वीज कंपन्या जुना फ्रिज घरी येऊन घेऊन जातात, वर थोडेफार पैसेही देतात, कारण असले फ्रिज वीज फार खातात. पण चालू असलेली वस्तू कुणी तरी मोडीत काढायला घेऊन जाणार ही कल्पनाच आपल्याला सोसत नाही. ‘राहू दे, कधी तरी लागेल’ असं म्हणत दोघं-तिघं मिळून तो ढकलत गॅरेजमध्ये नेतात. तो ‘कधी तरी’ त्याच संध्याकाळी उजाडतो.

हे खूळ एकट्या मराठी माणसाचं नाही. अमेरिकेतल्या साधारण एक तृतीयांश घरांत एकाहून जास्त फ्रिज आहेत. फरक पडतो तो आत काय आहे यात. शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये बिअर, कोला आणि शिकारीच्या मोसमात मारलेल्या हरणाचं मांस असतं. आपल्याकडे खवलेल्या नारळाची गोठलेली पाकिटं, मटारची उशीएवढी पिशवी, गणपतीत हौसेनं जास्तीचे केलेले उकडीचे मोदक, आंब्याच्या रसाचा फोडलेला डबा आणि महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमातून ‘तुम्हीच न्या हो’ म्हणून गळ्यात पडलेली श्रीखंडाची बादली. सुरमई आणि बोंबीलही बाहेरच, घरात वास नको म्हणून. तळणीची शेगडीसुद्धा पुष्कळ घरांत गॅरेजमध्येच असते. दार गुडघाभर उघडं ठेवून तिथं भजी तळतात, कारण भज्यांचा वास एकदा का जाड कोटांत शिरला की तो वसंत ऋतूपर्यंत कचेरीत आपल्याबरोबर येतो. तेव्हा गॅरेज हे इथलं परसदार आहे, मोटार तिथं पाहुणी म्हणून राहते.

उन्हाळाभर हा दुसरा फ्रिज निमूटपणे काम करतो. आमच्या मिनेसोटातला उन्हाळा आपल्या समजुतीपेक्षा बराच कडक असतो, गॅरेज तापतं, फ्रिज घरघरतो, सगळं ठीक. मग नोव्हेंबर येतो. बाहेर झाडं उघडी पडलेली, सकाळी मोटारीच्या काचेवर हिमाचा थर, नाकाचा शेंडा लाल. अशा एका दिवशी घरातलं कुणीतरी गॅरेजच्या फ्रीजरमधून आइस्क्रीमचा डबा काढतं आणि ओरडतं, ‘अहो, हे विरघळलंय!’

सांगलीला फोनवर हे सांगितलं तर आई गप्पच झाली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘अरे, तुमच्याकडे थंडी आहे ना?’

‘हो आई, म्हणून तर विरघळलं.’

‘तू जेवलास का नीट?’ तिनं विचारलं.

आईच्या शंकेला अर्थ होता. बाहेर गारठा आणि फ्रिजमध्ये आइस्क्रीम पातळ, हे ऐकून कुठल्याही शहाण्या माणसाला बोलणाऱ्याच्या प्रकृतीची काळजी वाटावी. पण नोव्हेंबरात या भागात दुरुस्तीवाल्यांना असले फोन भरपूर जातात. तो माणूस येतो, फ्रिजच्या पाठीमागे बॅटरी मारतो, काटे तपासतो आणि सांगतो की यात काहीही बिघडलेलं नाही. बिघडलेलं नसल्याचे पैसे घेऊन तो जातो.

खरोखरच काही बिघडलेलं नसतं. फ्रिज गारवा तयार करतो अशी आपली समजूत असते. तो गारवा तयार करत नाही, आतली ऊब उचलून बाहेर टाकतो. म्हणून त्याची पाठ गरम लागते. उष्णता आपली आपण गरम जागेकडून थंड जागेकडे जाते, तिला उलट्या दिशेनं न्यायचं तर कुणाला तरी ओझं वाहावं लागतं, आणि कॉम्प्रेसर हा तो हमाल. आता तो कधी कामाला लागणार आणि कधी बसणार, हे ठरवायला थर्मोस्टॅट असतो. जुन्या धर्तीच्या, वर बर्फाचा कप्पा आणि खाली मोठा कप्पा अशा फ्रिजमध्ये थर्मोस्टॅट बहुधा एकच आणि तोही खाली, दूध-भाज्यांच्या कप्प्यात. गारवा सगळा वर, फ्रीजरमध्ये होतो. त्यातला थोडासा पंख्यानं खाली ढकलला जातो. खालचा कप्पा चारएक अंश सेल्सिअसच्या वर गेला की थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला उठवतो, खाली उतरला की बसवतो. वर काय चाललंय हे त्याला कुणी विचारत नाही आणि तोही कुणाला विचारत नाही.

लग्नघरात खालच्या ओसरीवरची पंगत जेवून उठली, म्हणून आचाऱ्यानं चूल विझवावी आणि माडीवर पानं मांडून बसलेली मंडळी तशीच ताटकळत राहावीत, तसा हा प्रकार आहे. गॅरेजचं तापमान दोन-तीन अंशांवर आलं, की खालचा कप्पा काही न करताच गार होतो. थर्मोस्टॅट म्हणतो, झालं, सगळे तृप्त. कॉम्प्रेसर उठतच नाही. फ्रीजर हवा असतो उणे १८ अंशांवर आणि गॅरेज आहे अधिक दोनवर. म्हणजे फ्रीजरच्या दृष्टीनं बाहेर उन्हाळाच आहे. उष्णता हळूहळू आत झिरपत राहते आणि एके दिवशी वरचा कप्पाही अधिक दोनवर येऊन थांबतो. आइस्क्रीम पातळ होतं, मोदकांना घाम फुटतो, सुरमई आपली पिशवी सोडून खाली ओघळू लागते. आणि सबंध यंत्र शांत असतं. इतकं शांत, की घरचे कौतुकानं म्हणतात, ‘थंडीत विजेचं बिल किती कमी येतं बघा.’

मला या गोष्टीची गंमत अशी वाटते, की हाडं गोठवणारी थंडी फ्रीजरची शत्रू नाहीच. त्याची शत्रू आहे ती मिळमिळीत थंडी. नोव्हेंबर आणि मार्च. ना धड हिवाळा, ना धड काही. जानेवारीत गॅरेज उणे पंधरावर गेलं की फ्रीजर विजेवाचूनच पुन्हा दगड होतो आणि संकट एक मजला खाली उतरतं. मग दूध गोठतं. गॅलनच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचं पोट फुगतं. कोथिंबीर काचेसारखी होऊन बोटांत मोडते आणि घरात आणली की काळी पडते. कोलाचे डबे टम्म होतात, एखादा फुटतो. त्यातही साखरेचा कोला थोडा तग धरतो, कारण साखरेमुळे गोठणबिंदू खाली जातो. बिनसाखरेचा ‘डाएट’ आधी गोठतो आणि आधी फुटतो. आयुष्यभर पथ्य पाळणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

नोव्हेंबरात विरघळलेलं आइस्क्रीम जानेवारीत पुन्हा गोठतं, ही त्यातली सगळ्यात फसवी अवस्था. फेब्रुवारीत डबा उघडणाऱ्याला तो घट्टच दिसतो. फक्त चमचा आत जात नाही आणि गेला तर दाताखाली बर्फाचे खडे येतात. आइस्क्रीमचं ठीक आहे, जिभेला कळतं. मासळीचं आणि मटणाचं तसं नसतं. ते मधल्या काळात किती दिवस सुटलेलं होतं आणि गॅरेज तेव्हा चार अंशांच्या वर गेलं होतं की नाही, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. फ्रीजरमध्ये दोन-चार डॉलरचा साधा तापमापक ठेवला तर सांगता येतं, पण आपण तो ठेवत नाही. आपण वास घेतो. वासावर आपला फार विश्वास. वास ठीक आला तरी तो भरवशाचा साक्षीदार नव्हे, एवढंच सांगून पुढे जातो.

आता कुणी म्हणेल, बाहेर एवढी थंडी फुकट पडलेली असताना फ्रिज लावायचाच कशाला? आई हेच म्हणाली. ‘बंद करून टाक की. डबे ठेव दारात.’ मिनेसोटातली थंडी काही लहानसहान नाही. टॉवर नावाच्या गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ५१ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, तो या राज्यातला नीचांक. जानेवारी २०१९ च्या अखेरीस मिनीॲपोलिसमध्ये पारा उणे ३३ पर्यंत गेला होता आणि त्या दिवशी राज्यात टपाल खात्यानं पत्रं वाटणंसुद्धा थांबवलं होतं. पण ही थंडी नियमात बांधलेली नाही. तीच जागा दुपारच्या उन्हात वितळते, रात्री गोठते. आठवड्यात कधी उणे २५, कधी अधिक पाच. शिवाय दारात डबे ठेवले, तर खारी आणि रॅकून यांना त्यांच्या वाट्याचं आमंत्रण पोचतं. मेजवानीच्या रात्री बाटल्या बर्फात खोचून ठेवायला ही थंडी उत्तम. सुरमईला नको.

थंडी मुबलक असणं आणि ती हवी तेवढीच, हवी तिथं मिळणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी बॉस्टनच्या एका माणसाला नीट कळलं होतं. फ्रेडरिक ट्यूडर त्याचं नाव. मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवर हिवाळ्यात जमणारा बर्फ करवतीनं कापून जहाजानं उष्ण देशांत विकायचा, हा त्याचा धंदा. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचं जहाज जवळजवळ १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघालं, विषुववृत्त दोनदा ओलांडून चारेक महिन्यांनी कलकत्त्याला लागलं, तेव्हा त्यातला निम्म्याहून जास्त बर्फ शाबूत होता. यंत्र नाही, वीज नाही. भुसा, फळ्या आणि हवा आत न येऊ देण्याची शिस्त, एवढीच सामग्री. पुढल्याच वर्षी असा बर्फ मुंबईलाही आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि मंडळींना सर्दी झाली, असं तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आल्याची हकिगत मुंबईचा इतिहास लिहिणारे सांगतात. मद्रासचं बर्फघर तर अजून उभं आहे. त्याला आता विवेकानंद इल्लम म्हणतात.

त्या बर्फानं निम्मी पृथ्वी ओलांडली आणि तो टिकला. आमच्या गॅरेजमध्ये, बर्फाच्याच मुलखात, तीन पिनांचा प्लग लावून ठेवलेला बर्फ टिकत नाही. ट्यूडर पाहायला नाही हे बरं.

यावर उपाय आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं सार एकच आहे: फ्रिजला ऊब द्यायची. लोकांनी शोधून काढलेला जुना उपाय म्हणजे खालच्या कप्प्यात चाळीस वॉटचा बल्ब सारखा जळता ठेवणं. बल्बाच्या उबेनं थर्मोस्टॅट फसतो, कॉम्प्रेसर कामाला लागतो, वरचं गोठतं. हे ऐकल्यावर आपल्या बायका हसत नाहीत, कारण त्यांना यात नवल काहीच नसतं. थंड मुलखातल्या बहुतेक मराठी घरांत दही लावायची आणि इडलीचं पीठ फुगवायची जागा म्हणजे ओव्हन. आच बंद, फक्त आतला दिवा चालू. तोही चाळीस वॉटचाच, त्याच जातीचा. म्हणजे एका बल्बावर घरात दही लागतं आणि दुसऱ्यावर गॅरेजमध्ये बर्फ टिकतो. वीज कंपनीला हे समजावून सांगायला जाऊ नये.

मध्ये एलईडी आला आणि या विद्येवर संकट आलं. तो उजेड पुष्कळ देतो, ऊब नावालाच. उत्साही माणसानं जुना बल्ब काढून एलईडी बसवला, की फ्रिजमध्ये लख्ख प्रकाशात आइस्क्रीम विरघळतं. अमेरिकेत घरगुती वापराच्या जुन्या तारेच्या बल्बांची विक्री २०२३ च्या ऑगस्टपासून जवळजवळ बंदच झाली. ओव्हन-फ्रिजसाठीच्या छोट्या बल्बांना मात्र सूट आहे. दह्याचं भवितव्य त्यामुळे सुरक्षित राहिलं. अर्थात जळता बल्ब प्लॅस्टिकच्या कप्प्यात, श्रीखंडाच्या बादलीला टेकून, दार बंद करून ठेवणं हे काही शहाणपणाचं लक्षण नव्हे. कंपन्यांनी यासाठी रीतसर तयार केलेला छोटा हीटर काही मॉडेलांना मिळतो. थर्मोस्टॅटच्या जवळ बसतो, काही वॉटच खातो आणि बल्बाचंच काम सभ्यपणे करतो. शिवाय आता खास गॅरेजसाठी बनवलेले फ्रिजही मिळतात. त्यांतल्या काहींच्या पोटात हीटर असतो. दुकानात मी एक मध्यमवयीन गृहस्थ पाहिले, ते विक्रेत्याला पुन्हा पुन्हा विचारत होते, ‘हीटर? फ्रिजमध्ये?’ विक्रेता तरुण होता. त्याला यात विचारण्यासारखं काय आहे ते कळेना.

याहून सरळ उपाय म्हणजे पेटीसारखा आडवा, वरून उघडायचा नुसता फ्रीजर. त्याचा थर्मोस्टॅट त्याच्याच पोटात, ओसरीची चौकशी करून माडीचा निर्णय घेण्याची भानगड नाही. गॅरेजमध्ये तो खूपच जास्त थंडी सोसतो. फक्त तळाला काय आहे ते कुणालाच आठवत नाही, आणि मागच्या की त्याच्या मागच्या गणपतीचे मोदक यावर घरात दोन पक्ष पडतात.

थंडीचा त्रास थर्मोस्टॅटपुरताच राहत नाही. कॉम्प्रेसरमधलं तेल घट्ट होतं, त्यामुळे तो उठतो तेव्हा कण्हत उठतो. फ्रिजच्या नळ्यांतून फिरणारा वायू थंड कॉम्प्रेसरमध्ये द्रव होऊन साचून राहिला, तर उठता उठता त्याला इजाही होऊ शकते. आपोआप बर्फ पाडणाऱ्या सोयीसाठी पाण्याची नळी जोडली असेल तर ती आधी गोठते. आणि गॅरेजमधल्या प्लगला गळतीचा करंट जाणवताच वीज तोडणारं बटण असतं. ते कधी उडालं हे कळतच नाही, कारण हिवाळ्यात फ्रिज तसाही गप्पच असतो. बंद फ्रिज आणि समाधानी फ्रिज यांचा आवाज सारखाच.

यंत्रालाही मुलूख मानवावा लागतो, हे आपण विसरतो. फ्रिज बनवणारे मात्र विसरत नाहीत. बऱ्याच फ्रिजच्या आत एक पट्टी चिकटवलेली असते, तीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी, ‘एसएन’ असेल तर खाली १० पर्यंत, ‘टी’ म्हणजे आपल्यासारख्या उष्ण देशांसाठी, वर ४३ पर्यंत. भारतात फ्रिज १९५८ पासून बनू लागले, गोदरेजनं सुरुवात केली, आणि पुढे कितीतरी वर्षं तो दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसेल असा, डोक्यावर क्रोशाचा रुमाल घालून उभा असे. त्याला तिथं किती अंश तापमान लागतं याची चौकशी कुणी केली नाही. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पाठ भिंतीला चिकटलेली, वर लग्नातल्या भेटवस्तू, तरी बिचारा पाणी गार करून देत राहिला. दिवसभर धापा टाकल्या, पण काम सोडलं नाही. उन्हाळ्यात फ्रिज थकतो, थंडीत तो निश्चिंत होतो. थकलेल्याकडून निदान काम होतं.

आमच्या घरी शेवटी बल्ब नाही, हीटर नाही आणि नवा फ्रिजही नाही. हिनं एका वाक्यात निकाल लावला: ‘दिवाळी झाली की वरचा कप्पा रिकामा करायचा.’ तेव्हापासून आमच्याकडे भाऊबीज आणि मार्गशीर्ष यांच्या मध्ये एक बेवारशी सण असतो. त्या आठवड्यात फ्रीजरमधलं सगळं संपवायचं असतं. सोमवारी मटार-उसळ, मंगळवारी नारळ घातलेली उसळ, मग सुरमई, मग मोदक, आणि जो भेटेल त्याला जेवायला बोलावणं. उरलेलं आतल्या फ्रीजरमध्ये कोंबायचं. खालच्या कप्प्यात हिवाळाभर बटाटे, कांदे, सफरचंदं आणि लोणच्याच्या बरण्या. फ्रिजच्या जाड भिंतींमुळे गॅरेजमधले चढ-उतार आत उशिरा आणि बोथट होऊन पोचतात, त्यामुळे साध्या थंडीच्या रात्री आतला माल गोठत नाही. सलग चार दिवस उणे वीस राहिलं तर भिंतींचा काही उपयोग नाही, मग सगळं उचलून घरात. म्हणजे वर्षातले काही महिने आम्ही फ्रिज वापरतो तो वस्तू फार थंड होऊ नयेत म्हणून. आईला अजून मी हे सांगितलेलं नाही.

गॅरेजसाठी फ्रिज घेणार असाल, तर रंग आणि लिटर मागाहून पाहा. तो कमीत कमी किती अंशांच्या जागेत चालतो हे आधी विचारा, आणि विक्रेत्याला सांगता आलं नाही तर फ्रिजसोबतचं पुस्तक तिथंच उघडून वाचा. थंड मुलखात आधीच राहत असाल, तर फ्रीजरमध्ये एक तापमापक ठेवा. स्वस्त असतो. आणि नोव्हेंबरात आमच्याकडे येणार असाल तर कृपा करून आइस्क्रीम आणू नका. चिवडा आणा, तो कुठंही राहतो.